सिलिकोन रबराचे पक्वीकरण : धातुरूप उत्प्रेरकाचे कार्य

रबर म्हटले की व्हल्कनीकरण आणि व्हल्कनीकरण म्हटले की गंधक, अशी सांगड रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात फार लवकर बसते; आणि ती अस्थानीही नाही. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगे नैसर्गिक रबराचा चिकटपणा घालविता आला, तेव्हापासून रबराचा उद्योग प्रामुख्याने याच विक्रियेवर उभा राहिला आहे. परंतु रबराचा असाही एक वर्ग आहे की, ज्यात गंधक हे साहाय्यक नसून विष ठरते. या वर्गातील एक किलोग्रॅम द्रव घट्ट व लवचिक करण्यास अवघे दहा मिलिग्रॅम प्लॅटिनम पुरेसे होते. आणि त्याच द्रवाला गंधकयुक्त रबराचा नुसता स्पर्श घडला, तरी स्पर्शाच्या जागी तो दिवसेंदिवस चिकटच राहतो. इतक्या अल्प धातूने एवढे कार्य कसे होते, आणि इतक्या क्षुल्लक कारणाने ते बंद का पडते, या दोन प्रश्नांची उत्तरे वस्तुत: एकच आहेत. ती कशी, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिलिकोनांची घडण

प्रारंभी नावांविषयी खुलासा करणे अवश्य आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य होय. सिलिकोन हे त्या मूलद्रव्याच्या कार्बनी बहुवारिकांचे नाव होय. हे नाव नॉटिंगहॅम येथील प्राध्यापक फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी रूढ केले. किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉनच्या कार्बनी संयुगांचा दीर्घकाळ अभ्यास केला. कीटोनांत कार्बन व ऑक्सिजन यांच्यामध्ये जसा द्विबंध असतो, तसा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यामध्ये असलेली संयुगे मिळतील, या अपेक्षेने त्यांनी 'कीटोन'च्या धर्तीवर हे नाव योजिले. ती अपेक्षा सफल झाली नाही. सिलिकॉन द्विबंध न धरता दोन ऑक्सिजन अणूंशी दोन एकबंध धरतो व लांबच लांब साखळ्या तयार करतो. प्रयोगपात्राच्या तळाशी उरणारे हे चिकट द्रव्य किपिंग यांच्या दृष्टीने उपद्रवच होते. पुढे उद्योगाला त्याचेच महत्त्व वाटले. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत यूजीन रोचो यांनी सिलिकॉनच्या चूर्णावरून तांब्याच्या सान्निध्यात मेथिल क्लोराइड वायू सुमारे ३००° सेल्सिअस तापमानास नेऊन मेथिल क्लोरोसिलेने थेट तयार केली. जर्मनीत रिचर्ड म्यूलर हेही स्वतंत्रपणे याच पद्धतीपर्यंत पोचले होते. येथेही एक धातू, म्हणजे तांबे, उत्प्रेरकाचे काम करीत आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सिलिकोन रबराचा मुख्य घटक म्हणजे पॉलिडायमेथिलसिलोक्झेन. याच्या साखळीत सिलिकॉन व ऑक्सिजन एकाआड एक असून प्रत्येक सिलिकॉन अणूवर दोन मेथिल गट असतात. सिलिकॉन–ऑक्सिजन बंधाची ऊर्जा मोलास सुमारे ४५० किलोज्यूल असते. कार्बन–कार्बन एकबंधाची सुमारे ३५० असते. म्हणून ही साखळी उष्णतेस चांगली टिकते. शिवाय हा बंध १.६४ अँगस्ट्रॉम इतका लांब, आणि ऑक्सिजनपाशी होणारा कोन १४०° हून मोठा व सहज बदलणारा असल्यामुळे साखळी विलक्षण लवचिक असते. तिचे काचसंक्रमण तापमान सुमारे –१२५° सेल्सिअस आहे. ज्या थंडीत नैसर्गिक रबर काचेसारखे ठिसूळ होते, तीत हे बहुवारिक अद्याप हालचाल करीत असते.

परंतु या साखळीत कार्बन–कार्बन द्विबंध नाही. नैसर्गिक रबरात गंधकाची विक्रिया घडते, ती द्विबंधाच्या शेजारील सक्रिय स्थानांमुळे. सिलिकोनाच्या साखळीत तशी स्थाने नसल्यामुळे गंधकास तेथे करण्यासारखे काहीच उरत नाही. तेव्हा साखळ्या एकमेकींस जोडण्याचा अन्य उपाय शोधणे क्रमप्राप्त होते.

साखळीपासून जाळ्याकडे

द्रव सिलिकोनाचे रबर होणे म्हणजे सुट्या साखळ्यांचे एकसंध जाळे होणे होय. यालाच येथे पक्वीकरण म्हटले आहे. दोन टोकांस क्रियाशील गट असलेली साखळी घेतली आणि तिला दोनच क्रियाशील स्थाने असलेल्या रेणूने जोडत गेलो, तर साखळी केवळ लांब होईल. जाळे होणार नाही. जाळे होण्यासाठी जोडणाऱ्या रेणूस, म्हणजे जोडकास, किमान तीन क्रियाशील स्थाने असावी लागतात.

पॉल फ्लोरी यांनी १९४१ मध्ये व पुढे वॉल्टर स्टॉकमेयर यांनी दाखविल्याप्रमाणे, विक्रिया पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी जाळे अस्तित्वात येते. दोन्ही प्रकारचे गट समप्रमाणात घेतले असता, जोडकाच्या क्रियाशील स्थानांच्या संख्येतून एक वजा करावा व आलेल्या संख्येच्या वर्गमुळाचा व्यस्तांक काढावा. तेवढा अंश विक्रिया झाली की जेल बनते. जोडकाची स्थाने चार असल्यास हा अंश ५८ टक्के व तीन असल्यास ७१ टक्के येतो. या क्षणी द्रवाची श्यानता अमर्याद वाढते व त्यानंतर तो ओतता येत नाही. कारखानदाराच्या व प्रयोगकर्त्याच्या हाती असणारा 'कामाचा वेळ' हा पूर्ण पक्वीकरणाचा वेळ नसून या जेलबिंदूपर्यंतचा वेळ असतो, हे यावरून स्पष्ट होईल.

आरंभी सिलिकोन रबर बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या पेरॉक्साइडांच्या साहाय्याने पक्व करीत. तापविल्यावर पेरॉक्साइडाचे मुक्त मूलक होतात, ते मेथिल गटावरील हायड्रोजन काढून घेतात, आणि उघडे पडलेले कार्बन अणू परस्परांशी जोडले जातात. ही रीत आजही वापरात आहे; परंतु तीस उच्च तापमान लागते, आणि मागे राहिलेली अम्ले घालविण्यासाठी पदार्थ पुन्हा भट्टीत ठेवावा लागतो. साध्या तापमानास व नियंत्रित रीतीने पक्वीकरण घडविण्याचे श्रेय धातूंच्या उत्प्रेरकांकडे जाते. त्यांचे दोन मार्ग आहेत : एक कथिलाचा, दुसरा प्लॅटिनमचा.

कथिलाचा मार्ग

या मार्गात साखळीच्या टोकांस हायड्रॉक्सिल गट असतात व जोडक म्हणून टेट्राएथॉक्सिसिलेनासारखे संयुग घेतात. डायब्यूटिल कथिल डायलॉरेट हा नेहमीचा उत्प्रेरक होय. अल्पशा आर्द्रतेने त्याचे जलीय विच्छेदन होऊन कथिलाचे हायड्रॉक्साइड बनते. ते अल्कॉक्सिसिलेनाशी विक्रिया करून कथिल–ऑक्सिजन–सिलिकॉन असा दुवा निर्माण करते. आणि हा दुवा पुढे दुसऱ्या सिलिकॉनाशी संयोग पावून सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन बंध देतो व कथिल मोकळे होते. प्रत्येक नव्या बंधामागे अल्कोहॉलाचा एक रेणू बाहेर पडतो. ही संघनन विक्रिया होय.

खिडकीच्या काचा बसविण्यासाठी नळीतून मिळणारे सिलिकोन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो याच जातीच्या विक्रियेचा पुरावा होय. तेथे जोडक अॅसिटॉक्सी वर्गाचा असतो व हवेतील आर्द्रतेने अॅसिटिक अम्ल सुटते. साहजिकच तेथे पक्वीकरण पृष्ठभागापासून आत सरकत जाते व जाड थराच्या गाभ्यास फार वेळ लागतो.

संघननाचे दोष त्याच्या समीकरणातच दडलेले आहेत. बाहेर पडलेले अल्कोहॉल उडून गेले की वस्तू आकसते. म्हणून अचूक मापाच्या साच्यांस ही रीत फारशी सोयीची नाही. दुसरे असे की, कथिल रबरातच राहते आणि जी विक्रिया त्याने पुढे नेली, तीच ते मागेही नेऊ शकते. बंदिस्त जागेत, आर्द्रता व अल्कोहॉल यांस वाट न देता असे रबर तापविले, तर बंध तुटून ते पुन्हा मऊ पडते. उत्प्रेरक समतोल बदलीत नाही, केवळ तो लवकर आणतो, या पाठ्यपुस्तकी विधानाचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण. कार्बनी कथिल संयुगांच्या विषारीपणामुळे युरोपीय संघाने २०१२ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंतील डायब्यूटिल कथिलावर निर्बंध घातले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

प्लॅटिनमचा मार्ग

दुसऱ्या मार्गात काहीही बाहेर पडत नाही. साखळीच्या टोकांस व्हिनिल गट असतात, आणि जोडक हे सिलिकॉन–हायड्रोजन बंध असलेले लहान सिलोक्झेन असते. उत्प्रेरकाच्या सान्निध्यात सिलिकॉन–हायड्रोजन बंध व्हिनिल गटाच्या द्विबंधावर समाविष्ट होतो. सिलिकॉन प्राय: टोकाच्या कार्बनास जोडला जातो, हायड्रोजन त्याच्या शेजारच्या कार्बनाकडे जातो, आणि दोन सिलिकॉन अणूंमध्ये दोन कार्बनांचा पूल तयार होतो. यास हायड्रोसिलिलीकरण म्हणतात. वजनात घट नसल्यामुळे आकुंचन अत्यल्प असते, आणि बनलेला कार्बनी पूल साध्या परिस्थितीत उलट तुटत नाही.

या विक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. १९४७ मध्ये सॉमर, पीट्रुझा व व्हिटमोर यांनी ट्रायक्लोरोसिलेन व १-ऑक्टीन यांचा असा संयोग पेरॉक्साइडाच्या साहाय्याने घडविला. ती मुक्त मूलकांची विक्रिया होती. १९५७ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनीतील जॉन स्पायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, आयसोप्रोपिल अल्कोहॉलातील क्लोरोप्लॅटिनिक अम्लाचा लेशमात्र अंश हेच कार्य सौम्य परिस्थितीत करतो. परंतु हे अम्ल सिलोक्झेनांत नीट मिसळत नाही, त्यात क्लोरीन असते, आणि प्लॅटिनमचे क्षपण होऊन ते क्रियाशील अवस्थेस येईपर्यंत काही काळ विक्रिया स्तब्ध राहते. १९७३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ब्रूस कार्स्टेट यांना ज्या उत्प्रेरकाचे एकस्व मिळाले, त्याने या अडचणी दूर केल्या. त्यात प्लॅटिनम शून्य ऑक्सिडीकरण अवस्थेत असून डायव्हिनिलटेट्रामेथिलडायसिलोक्झेन हे त्याचे लिगंड आहे. उत्प्रेरकाचे लिगंड सिलोक्झेनच असल्यामुळे तो सिलिकोनात सहज विरघळतो. आजचे प्लॅटिनम-पक्व सिलिकोन रबर बहुतांशी याच उत्प्रेरकावर अवलंबून आहे.

धातूचा अणू प्रत्यक्षात काय करतो, याचे सर्वमान्य चित्र चॉक व हॅरॉड यांनी १९६५ मध्ये मांडले. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, ऑक्सिडीकारक समावेशन : प्लॅटिनम सिलिकॉन–हायड्रोजन बंधात शिरतो व दोहोंस आपल्याशी बांधून घेतो. दुसरी, निवेशन : प्लॅटिनमला लिगंड म्हणून चिकटलेला व्हिनिल गट प्लॅटिनम–हायड्रोजन बंधात शिरतो व तेथे अल्किल गट होतो. तिसरी, क्षपणकारक विलोपन : हा अल्किल गट व सिलिकॉन परस्परांस जोडून निघून जातात आणि प्लॅटिनम पूर्ववत् मोकळा होतो. व्हिनिल गट प्लॅटिनम–सिलिकॉन बंधातच शिरतो, असा या चित्राचा एक सुधारित पाठही पुढे आला. तथापि प्लॅटिनमच्या बाबतीत सैद्धांतिक गणिते मूळ मार्गालाच अनुकूल आहेत. पायऱ्यांच्या तपशिलाविषयी मतभेद असले, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : प्लॅटिनमच्या अणूपाशी रिकामी जागा असल्याशिवाय यांपैकी एकही पायरी घडू शकत नाही.

एका अणूचे काम

प्लॅटिनमच्या अल्प प्रमाणाचा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होतो. समजा, एक किलोग्रॅम द्रवात दहा मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, प्लॅटिनम आहे. अणुभार १९५ धरता हे सुमारे ५१ मायक्रोमोल होतात. द्रवातील साखळ्यांचा रेणुभार २८,००० मानला व प्रत्येकीस दोन व्हिनिल गट असले, तर किलोग्रॅमभर साखळ्यांत सुमारे ७१ मिलिमोल व्हिनिल गट असतील. याचा अर्थ, प्लॅटिनमच्या प्रत्येक अणूस सरासरी सुमारे १४०० बंध जुळवावे लागतात.

आता हाच हिशेब उलट बाजूने करून पाहावा. ५१ मायक्रोमोल प्लॅटिनमच्या अणूंस एकास एक या प्रमाणात गंधकाने जखडून टाकावयाचे, तर गंधक किती लागेल? अवघे १.६ मिलिग्रॅम. साध्या व्हल्कनित रबरात किलोग्रॅमास काही ग्रॅम ते काही दशक ग्रॅम गंधक घातलेले असते. त्याचा बहुतेक भाग साखळ्यांत बद्ध असला, तरी मोकळ्या उरलेल्या गंधकाचा व गंधकयुक्त प्रवेगकांचा लेशही प्लॅटिनमच्या दृष्टीने पुरेसा होतो. गंधकाची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी प्लॅटिनमची रिकामी जागा घेते आणि सोडीत नाही. लेखाच्या आरंभी मांडलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, ते याच अर्थाने. ज्या अल्पत्वामुळे हा उत्प्रेरक स्वस्तात पडतो, त्याच अल्पत्वामुळे तो अल्पशा विषाने निकामी होतो. आणि ज्या रिकाम्या जागेमुळे तो काम करतो, त्याच जागेतून विष आत येते.

निरोधक आणि विष

जागा घेऊन पुन्हा सोडणारे पदार्थही आहेत, आणि त्यांचा उपयोग करून घेता येतो. त्यांस निरोधक म्हणतात. १-एथिनिलसायक्लोहेक्झॅनॉलासारखी अल्काइन-अल्कोहॉले, मॅलिएट व फ्यूमरेट एस्टरे किंवा व्हिनिलयुक्त वलयी सिलोक्झेने प्लॅटिनमला साध्या तापमानास धरून ठेवतात, आणि तापविल्यावर सोडतात. यामुळे मिश्रण यंत्रात भरेपर्यंत द्रव राहते, आणि १७०° ते २००° सेल्सिअसच्या तप्त साच्यात गेल्यावर अल्पावधीत घट्ट होते. बालकांच्या दुधाच्या बाटलीची बुचे अशाच रीतीने बनतात. द्रव्य दोन भागांत विकतात, तेही याच कारणाने : एका भागात व्हिनिल साखळ्या व प्लॅटिनम, दुसऱ्यात जोडक व निरोधक. दोन्ही भाग एकत्र आल्याशिवाय विक्रियेचे सर्व घटक जुळत नाहीत.

विषे मात्र जागा सोडीत नाहीत. गंधकाखेरीज अमाइने, फॉस्फिने, आर्सेनिकची संयुगे आणि कार्बनी कथिल संयुगे यांची गणना यात होते. शेवटचे नाव विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. कथिलाने पक्व केलेल्या सिलिकोनाच्या साच्यात प्लॅटिनमचे सिलिकोन ओतले, तर ज्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल हवी, तोच पृष्ठभाग चिकट राहतो. दोन्ही सिलिकोनेच, परंतु एकीचा उत्प्रेरक दुसरीच्या उत्प्रेरकाचा वैरी.

दंतवैद्यांनाही हा अनुभव आला. दातांचे ठसे घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या समावेशन-सिलिकोनाचे पक्वीकरण लॅटेक्स हातमोज्यांतील गंधकयुक्त अवशेषांमुळे थांबते. एवढेच नव्हे, तर अशा हातमोज्यांनी स्पर्श केलेल्या दातांवरही ते नीट होत नाही. याच द्रव्याचा दुसरा दोष हायड्रोजनाचा होता. उरलेले सिलिकॉन–हायड्रोजन बंध आर्द्रतेशी किंवा हायड्रॉक्सिल गटांशी प्लॅटिनमच्याच साहाय्याने विक्रिया करून हायड्रोजन सोडतात, आणि ठशावर ओतलेल्या प्लास्टरात बुडबुडे उठतात. हायड्रोजन शोषून घेणारे पॅलॅडियम मिसळून हा दोष काबूत आणण्यात आला. हीच विक्रिया मुद्दाम वाढविली, तर सिलिकोनाचा फेस मिळतो.

१९९८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने प्लॅटिनम-पक्व सिलिकोनात सूक्ष्म प्रवाहनलिका घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून भौतिकी व जीवविज्ञान यांच्या प्रयोगशाळांतूनही हे द्रव्य नित्य ओतले जाते. ज्यांना रसायनाशी एरवी कर्तव्य नसते, त्यांच्यावरही या रसायनाचे नियम लागू होतात. ओतलेले द्रव्य घट्ट न झाल्यास नवशिका विद्यार्थी जोडकाचे प्रमाण वाढवून पाहतो किंवा तापमान चढवितो. प्रथम पाहावयाचे ते हे की, द्रव्य सर्वत्र द्रव राहिले आहे, की केवळ संपर्काच्या पृष्ठभागी? सर्वत्र द्रव असल्यास प्रमाण किंवा मिश्रण चुकले असण्याचा संभव अधिक. केवळ पृष्ठभागी चिकट असल्यास विषाचा. नव्या साच्यावर थेंबभर द्रव्य ठेवून ते पक्व होते की नाही, एवढे आधी पाहिले तर पुष्कळ श्रम वाचतात. साधे रबराचे वेटोळे द्रव्यात बुडवून ठेवल्यास हा सर्व प्रकार एका दिवसात डोळ्यांनी पाहता येईल.

अणू की कलिल?

एक प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. पक्व झालेल्या द्रव्यास पुष्कळदा पिवळसर छटा येते, व ती प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांची असते. मग खरा उत्प्रेरक सुटा अणू, की हे कलिल कण? १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील लॅरी लुइस यांनी कलिलांच्या बाजूने प्रायोगिक पुरावा मांडला. परंतु १९९९ मध्ये स्टाइन, लुइस, गाओ व स्कॉट यांनी चालू विक्रियेतील प्लॅटिनमचा क्ष-किरण शोषणाच्या साहाय्याने वेध घेतला, तेव्हा असे दिसले की, विक्रिया चालू असताना प्लॅटिनम सिलिकॉन व कार्बन यांस बांधलेला असतो. प्लॅटिनम–प्लॅटिनम बंध त्या वेळी आढळत नाहीत. व्हिनिल गट संपत आले आणि सिलिकॉन–हायड्रोजन बंध शिल्लक राहिले, म्हणजेच कलिल बनते. याचा अर्थ, कलिल हे कार्याचे कारण नसून कार्यसमाप्तीचे चिन्ह होय. ज्या संशोधकाने पूर्वी एक पक्ष मांडला, त्यानेच अधिक चांगले साधन हाती येताच दुसऱ्या पक्षाचा पुरावा द्यावा, ही गोष्ट संशोधनाच्या विद्यार्थ्याने मनात जपून ठेवावी अशी आहे.

न परतणारा उत्प्रेरक

उत्प्रेरक विक्रियेत खर्च होत नाही, असे आपण शिकवितो. रासायनिक अर्थाने ते खरे आहे. व्यवहारात येथे ते खोटे ठरते. जाळे तयार झाले की प्लॅटिनम त्यातच अडकून पडते, आणि दहा लाखांत दहा भाग इतका विरळ धातू परत मिळविणे परवडत नाही. २००७ मध्ये जगातील सिलिकोन उद्योगाने वापरलेल्या प्लॅटिनमचा अंदाज सुमारे ५.६ टन होता. एका वस्तूत नगण्य असणारा हा धातू असंख्य वस्तूंतून पृथ्वीभर विखुरला जातो व पुन्हा हाती येत नाही.

म्हणूनच स्वस्त व विपुल धातूंकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. २०१२ मध्ये पॉल चिरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाची अशी जटिल संयुगे वर्णिली की, जी हायड्रोसिलिलीकरण निवडकपणे घडवितात. परंतु प्लॅटिनमची जागा घ्यावयाची तर केवळ सक्रियता पुरेशी नाही. हवेत व आर्द्रतेत टिकणे, सिलोक्झेनात विरघळणे, निरोधकाचे ऐकणे आणि तापविल्यावर तत्काळ जागे होणे, हे सर्व गुण एकत्र असावे लागतात. कार्स्टेट यांच्या उत्प्रेरकात हे गुण एकत्र आले, यातच त्याच्या दीर्घ आयुष्याचे रहस्य आहे. ते गुण साध्या धातूत आणता येतील काय, हा प्रश्न अद्याप खुला आहे. आणि बहुवारिकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास यापेक्षा अधिक निकडीचा विषय शोधावा लागेल असे वाटत नाही.